शास्त्रज्ञाचे आजन्म अध्ययन आणि सेनगावची शेती

कृषिशास्त्राची पदवी मिळाली व नोकरी लागली म्हणजे शास्त्रज्ञाचे शिक्षण पुरे झाले, अशी समजूत खेड्यापाड्यांतून पुष्कळदा आढळते. शेतकरी शास्त्रज्ञाकडे जाणता पुरुष म्हणून पाहतो. तोच जाणता काही वर्षांनी आपला सल्ला बदलतो, तेव्हा शेतकऱ्याच्या मनात साहजिकच शंका उभी राहते. “पूर्वी एक सांगत होते, आता दुसरेच सांगतात; मग खरे कोणते?” हा प्रश्न गावोगाव हिंडणाऱ्या प्रत्येक कृषी कार्यकर्त्याला पारावर केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो. त्याचे समाधानकारक उत्तर त्याला देता आले नाही, तर पुढील सल्ला कितीही हिताचा असला तरी तो वाया जातो.

या प्रश्नाचे खरे उत्तर असे की, शास्त्र म्हणजे एकदा भरून ठेवलेली कणगी नव्हे. दरवर्षी नांगरावे, पेरावे व निंदावे लागते असे ते शेत आहे. जो शास्त्रज्ञ शिकणे थांबवितो, त्याच्या ज्ञानात तण माजते. सल्ला बदलला म्हणजे पूर्वीचा शास्त्रज्ञ अप्रामाणिक होता असे मुळीच ठरत नाही. तो व त्याचे सहकारी मधल्या काळात काही नवे शिकले, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो. हे शिकणे कसे चालते आणि त्यात शेतकऱ्याचा वाटा कोणता, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सेनगाव तालुक्याचे बदलते चित्र

सेनगाव तालुक्याचा प्रदेश पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा तो या नव्या जिल्ह्यात आला. येथील बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. उतारावर हलकी, मुरमाड जमीन, तर सखल भागात काळी, ओल धरून ठेवणारी जमीन, असे जमिनीचे निरनिराळे प्रकार एकाच गावाच्या शिवारात आढळतात. सोयाबीन, तूर व कापूस ही खरिपाची मुख्य पिके असून पाण्याची सोय असेल तेथे हळद होते. रब्बीत हरभऱ्यावर भर असतो.

हे चित्र फार जुने नाही. एके काळी मराठवाड्याच्या खरिपात ज्वारीचा मान पहिला होता. एका पिढीच्या आत सोयाबीनने तिची जागा घेतली. ज्याने १९८० च्या सुमारास ज्वारीच्या लागवडीची टिपणे काढून शिक्षण संपविले असेल, त्याच्या वहीतील पुष्कळसा मजकूर आज सेनगावच्या शेतकऱ्याला खरिपात उपयोगी पडणार नाही. पिके बदलली, त्यांबरोबर रोग व किडी बदलल्या. तेव्हा सल्लागारालाही बदलणे भाग आहे.

ज्वारीच्या संकराने दिलेला धडा

एकाच पिकावर आयुष्य वेचणाऱ्या शास्त्रज्ञालाही किती वेळा नव्याने शिकावे लागते, हे ज्वारीच्या इतिहासावरून चांगले कळते. ज्वारीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असल्याने हाताने संकर करून शेतकऱ्यांना पुरेसे बियाणे देणे शक्य नव्हते. १९५४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्टीफन्स व हॉलंड या शास्त्रज्ञांनी नरवंध्य ज्वारीचा शोध प्रसिद्ध केला. अशा ज्वारीत सफल पराग होत नसल्याने तिच्या शेजारी दुसरे वाण पेरले की संकरित बी आपोआप तयार होते.

हे नवे तंत्र भारतीय शास्त्रज्ञांनी आत्मसात केले आणि १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसृत झाला. या कार्यात डॉ. एन. जी. पी. राव यांचा वाटा मोठा होता. पुढे ते परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. हा वाण बुटका, लवकर येणारा व भरघोस उत्पन्न देणारा होता. त्यामुळे येथेच काम संपले, असे कोणासही वाटले असते.

परंतु शेताने शास्त्रज्ञांपुढे दोन नवे प्रश्न टाकले. पहिला प्रश्न खोडमाशीचा. ही माशी कोवळ्या रोपाच्या पानावर अंडी घालते. अळी आत शिरून पोंगा कुरतडते व तो वाळतो. उशिरा पेरलेल्या संकरित ज्वारीत हे नुकसान फार होऊ लागले. दुसरा प्रश्न दाण्याचा. जुनी उंच ज्वारी पाऊस उघडल्यानंतर फुलत असल्याने तिचे दाणे स्वच्छ येत. नवी ज्वारी लवकर पक्व होई आणि दाणे भरण्याच्या वेळी पाऊस असल्यामुळे त्यांवर बुरशी चढून ते काळे पडत. लवकर येणे हा जो गुण म्हणून निवडला होता, तोच पावसाळी वर्षी दोष ठरला.

शास्त्रज्ञांनी ही गोष्ट झाकली नाही. खोडमाशीच्या आयुष्यक्रमाचा अभ्यास केल्यावर असे दिसून आले की, पावसाळ्याच्या आरंभीच पेरणी झाल्यास रोपे माशीची संख्या वाढण्यापूर्वीच नाजूक अवस्थेतून बाहेर पडतात. म्हणून मृगाच्या पावसाबरोबर पेरणी करण्यावर भर देण्यात आला. दाण्याच्या प्रश्नासाठी नवे पितृवाण निवडण्यात आले. १९७४ मध्ये ‘सीएसएच-५’ आला आणि १९८० नंतरच्या काळात ‘सीएसएच-९’ सर्वदूर पसरला. या प्रत्येक पायरीवर शास्त्रज्ञाला आपल्याच यशातील उणीव पाहावी लागली.

याच इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. रब्बी ज्वारीत ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून १९३० नंतरच्या दशकात निवडण्यात आला. खरिपात संकरित वाणांनी जुन्या वाणांना मागे सारले, परंतु रब्बीत मालदांडीची भाकरी, कडबा व ओलीच्या ताणात तग धरण्याची शक्ती यांमुळे शेतकऱ्यांनी ती सोडली नाही. जुने ते टाकाऊच असते असे नाही, हेही शास्त्रज्ञांना शेतकऱ्यांकडून शिकावे लागले.

वांझ तुरीचे कोडे

सेनगावच्या शेतकऱ्याला तुरीचे दोन रोग चांगले परिचयाचे आहेत. मर रोगात झाड उभ्याउभ्या वाळते. वांझ रोगात मात्र झाड हिरवे राहते, झुडपासारखे वाढते, पाने लहान व फिकट पडून त्यांवर हिरवे-पिवळे ठिपके दिसतात. फुले व शेंगा धरत नाहीत. शेतकरी हिरवे पीक पाहून आशेवर राहतो आणि हंगाम संपल्यावर त्याच्या पदरी नुसत्या काड्या पडतात.

मर रोगाचे कारण तुलनेने लवकर कळले. बिहारमधील पुसा येथे बटलर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तुरीच्या मुळांत शिरणाऱ्या बुरशीचा अभ्यास केला. ही बुरशी जमिनीतील धसकटांवर वर्षानुवर्षे जिवंत राहते. रोगट झाडाचे खोड उभे चिरल्यास आत तपकिरी-काळ्या रेषा दिसतात.

वांझ रोगाचे कोडे मात्र दीर्घकाळ सुटले नाही. १९३१ मध्ये पुसा येथूनच या रोगाची नोंद झाली. रोगट झाडावर बुरशी सापडेना. सुमारे तीस वर्षांनी, १९६२ मध्ये, हा रोग पानाच्या खालच्या बाजूस राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म कोळ्यामार्फत पसरतो असे दाखवून देण्यात आले. हा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही व वाऱ्याबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. तथापि कोळी हा केवळ वाहक होता. तो ज्या विषाणूचा प्रसार करतो, तो विषाणू ओळखण्यास आणखी जवळजवळ चाळीस वर्षे लागली. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतील व स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांनी तो २००० सालाच्या सुमारास उजेडात आला.

रोगाच्या पहिल्या नोंदीपासून विषाणू सापडेपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षे लोटली. ज्यांनी आरंभ केला, त्यांना शेवट पाहावयास मिळाला नाही. वनस्पतिरोगतज्ज्ञाला कीटक व कोळी यांचे शास्त्र शिकावे लागले, आणि पुढे विषाणूंच्या अंतरंगाचे अगदी नवे शास्त्रही. स्वतःच्या विषयाचे कुंपण ओलांडल्यावाचून हे कोडे सुटले नसते.

या काळात शेतकरी मात्र थांबू शकत नव्हता. म्हणून विषाणू सापडण्यापूर्वीच रोगट शेतांत टिकून राहणारी झाडे निवडून वाण तयार करण्याचे काम चालू होते. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने ‘बीएसएमआर-७३६’ हा मर व वांझ रोगांस दाद न देणारा वाण दिला. पुढे असे आढळले की, हा वाण तयार होण्यास सुमारे सहा महिने घेतो आणि परतीचा पाऊस लवकर गेल्यास हलक्या जमिनीत शेंगा भरताना त्याला ओल कमी पडते. म्हणून त्याच केंद्राने सुमारे पाच महिन्यांत येणारा, पांढऱ्या दाण्याचा ‘बीडीएन-७११’ हा वाण काढला. सेनगावच्या मुरमाड उतारावर कोणता वाण घ्यावा व खोल काळ्या जमिनीत कोणता, हा निर्णय या इतिहासाच्या आधारे अधिक शहाणपणाने घेता येतो.

रसायनशास्त्रज्ञ खेड्यात शिकावयास जातो

शास्त्रज्ञाने इतर शास्त्रांकडून शिकावे, तसेच त्याने खेड्याकडूनही शिकावे. याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या इतिहासात आहे. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. ते प्रथम चहाच्या मळ्यांच्या शास्त्रीय कामासाठी भारतात आले आणि १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. जमीन व खते यांचे पृथक्करण करणे हा त्यांचा व्यवसाय. परंतु शास्त्रीय सल्ला शेतकरी का स्वीकारीत नाहीत, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही हे त्यांनी ओळखले.

त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर हे गाव निवडले आणि तेथील जमीन, पाणी, पिके, कर्ज व कुटुंबांचा जमाखर्च यांचा घरोघर जाऊन अभ्यास केला. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील १५६ जमीनधारकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. अशा तुकड्यांवर विहीर कोठे खणावी, राखण कशी करावी आणि मोठे अवजार कसे फिरवावे? सल्ला न पाळण्यामागे अडाणीपणा किंवा आळस नसून जमिनीची ही स्थिती आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

पुढे जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा असाच अभ्यास एन. व्ही. कानिटकर यांच्या सहकार्याने झाला व तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामातून कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण जवळून पाहिलेल्या कानिटकरांनी नंतर जिरायत शेतीच्या संशोधनाला वाहून घेतले. १९३३ पासून सोलापूर येथे अशा संशोधनाचे केंद्र चालू झाले. बांधबंदिस्ती, वेळेवर कुळवणी, बेताचे बी, दोन ओळींतील रुंद अंतर व वारंवार कोळपणी यांवर आधारलेली पद्धत त्या काळी सुचविण्यात आली. ओल जमिनीत मुरविणे व ती टिकविणे हे तिचे सूत्र आजही खरे आहे. मात्र नुसत्या मशागतीने उत्पन्नात पडणारी भर बेताचीच असते, असे अनुभवास आल्यावर पुढील पिढीने तिला सुधारित वाण व योग्य खतांची जोड दिली.

डॉ. मॅन १९२७ मध्ये भारतातील सेवेतून निवृत्त झाले. त्यानंतरही त्यांनी इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर अनेक वर्षे जमीन व खतांचे संशोधन चालू ठेवले. निवृत्ती नोकरीची असते, अभ्यासाची नव्हे, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

कीडही बदलते

मनुष्य शिकण्याचे थांबला तरी निसर्ग थांबत नाही. २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुके असलेली बीटी कपाशी आली. आरंभी बोंडअळ्यांपासून चांगले संरक्षण मिळाले व फवारण्या कमी झाल्या. परंतु लाखो अळ्यांमध्ये ज्या थोड्या अळ्यांना बीटीचे विष बाधत नव्हते, त्याच जगल्या व त्यांचीच प्रजा वाढली. गुलाबी बोंडअळीने प्रथम एका जनुकाच्या कपाशीवर व पुढे दोन जनुकांच्या कपाशीवरही मात केली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

“बीटी पेरली, आता बोंडअळीची चिंता नाही” हा सल्ला २००३ साली बराचसा खरा होता. तोच सल्ला २०१७ साली शेतकऱ्याचे नुकसान करणारा ठरला. आज कामगंध सापळे लावून पतंगांची संख्या पाहणे, डोमकळ्या तोडून नष्ट करणे, डिसेंबरच्या अखेरीपर्यंत पीक संपविणे व फरदड न ठेवणे यांवर भर द्यावा लागतो. एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत, अशी शिफारस आहे. हे नवे ज्ञान ज्या गावात वेळेवर पोहोचत नाही, तेथे त्याची किंमत शेतकऱ्याच्या घरातून वसूल होते. शिकण्याचा आळस ही म्हणूनच कार्यकर्त्याची केवळ खाजगी बाब राहत नाही.

शास्त्रज्ञांच्या अध्ययनाची व्यवस्था

सेवेत असलेल्या शास्त्रज्ञांनी शिकत राहावे यासाठी काही व्यवस्था आहेत. हैदराबाद येथे १९७६ मध्ये कृषी संशोधन व्यवस्थापनाची राष्ट्रीय अकादमी स्थापन झाली व तेथे शास्त्रज्ञांचे प्रशिक्षण होते. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी संयुक्त बैठकीत आपले निष्कर्ष मांडतात. तेथे इतर शास्त्रज्ञ प्रश्न विचारतात, आकडे तपासतात, व पुरावा अपुरा वाटल्यास शिफारस परतही पाठवितात. वीस वर्षे सेवा झालेल्या शास्त्रज्ञालाही तेथे उत्तर द्यावे लागते. शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या शिफारशीला या चाळणीतून यावे लागते, म्हणून तिला वजन असते.

गावपातळीवर काय करता येईल

शास्त्रज्ञाची ही सवय कार्यकर्त्याने व शेतकऱ्याने अंगी बाणविल्यास तिचा लाभ थेट शिवारात दिसेल. त्यासाठी पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

१. नोंदवही ठेवावी. पेरणीची तारीख, वाण, पावसाचे दिवस, पहिली कीड कधी दिसली व उत्पन्न किती आले, एवढ्या नोंदी पुरेत. स्मरणशक्ती चांगले वर्ष लक्षात ठेवते व मधली विसरते. वही सर्व लक्षात ठेवते.

२. लहान प्रयोग करावा. नवा वाण अथवा नवी पद्धत एकदम सर्व शेतात न घेता शेजारी-शेजारी दोन पट्ट्यांत पाहावी. दोन्ही पट्ट्यांची जमीन, पेरणीचा दिवस व मशागत सारखी असावी. फरक केवळ एकाच गोष्टीत असावा. दोन गोष्टी एकदम बदलल्यास कोणत्या गोष्टीमुळे लाभ झाला हे कळत नाही. दोन्ही पट्ट्यांतील एकेक गुंठा मोजून त्याचे उत्पन्न वेगळे तोलावे व त्याला ४० ने गुणावे, म्हणजे एकरी उत्पन्न मिळते. हाच प्रयोग गावातील तीन-चार शेतांत केल्यास निष्कर्ष अधिक भरवशाचा होतो.

३. रोगट झाड उपटून पाहावे. तुरीचे झाड वाळले तर खोड चिरावे; हिरवे राहून फुलत नसेल तर पाने तपासावीत. वांझ रोगाची झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत, आणि हंगामानंतर बांधावरची व आपोआप उगवलेली तूर ठेवू नये, कारण कोळी व रोग तेथेच पुढील हंगामापर्यंत टिकून राहतात.

४. जुना सल्ला तारखेसह द्यावा. कार्यकर्त्याने आपल्या टिपणातील प्रत्येक शिफारशीपुढे वर्ष लिहावे. पाच वर्षांपूर्वीची शिफारस सांगण्यापूर्वी ती आजही लागू आहे काय, हे विचारून घ्यावे.

५. प्रश्न वर पाठवावा. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ फारसे दूर नाही. तेथे जाताना नुसती तक्रार न नेता रोगट झाड मुळासकट न्यावे व वहीतील नोंदी दाखवाव्यात. “हे मला ठाऊक नाही, विचारून सांगतो” असे म्हणणारा कार्यकर्ता गावात लहान ठरत नाही. मात्र त्याने विचारून सांगितलेच पाहिजे.

पारावरच्या प्रश्नाकडे पुन्हा वळल्यास, पूर्वीचा सल्ला व आजचा सल्ला यांपैकी खरा कोणता हे ठरविण्याचा मार्ग मोकळा होतो. सल्ला कोणत्या पुराव्यावर उभा आहे, तो कोणत्या जमिनीसाठी व कोणत्या वर्षी दिला होता आणि त्यानंतर काय बदलले, हे विचारावे. असे विचारणाऱ्या गावाला शास्त्रज्ञही अधिक जपून उत्तर देतो, कारण त्याचे उत्तर पुढील हंगामात तोलले जाणार असते. येत्या खरिपात सेनगाव तालुक्यातील प्रत्येक गावात निदान एका शेतावर असा पट्टा आखला जावा आणि त्याचे वजन वहीत उतरावे. परभणी-बदनापूरच्या शास्त्रज्ञांना पुढील धडा घेण्यास अशा नोंदींचा मोठा उपयोग होईल.